बाबांचा १ जून

प्रिय सुन्या,

चार महिने तुझे मेसेज नुसते वाचून सोडले, घाल शिव्या. आधी सांगून टाकतो, बाबांची पॉलिसी मी बुडवली.

गणपतीत गच्चीवर तू घसा ताणून सांगत होतास की सरकारी कार्ड हातात पडेपर्यंत मेडिक्लेमचा हप्ता थांबवू नको आणि मी तुला एजंटचा जावई म्हटलं. मला दिसत होतं एवढंच की आयुष्मान वय वंदना ह्या सरकारी आरोग्य योजनेला प्रीमियम नाही, उत्पन्नाची अट नाही, जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून कव्हर, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, फक्त वय ७० पाहिजे. बाबा सत्तरीचे झालेच, मग तो दांडगा हप्ता कशाला, म्हणून सोडला. उशिरा भरायची ३० दिवसांची मुदत, तो ग्रेस पण गेला.

आईचं कार्ड लगेच निघालं. बाबांचं अडकलं, कारण वय बघतात आधारवरचं आणि तिथे शाळेच्या दाखल्यातला १ जून. गुरुजींनी डोक्यावरून हात घेऊन कान पकडायला लावला, पोचला, लिहा सहा पूर्ण. पोरगं आठ वर्षांचं होतं, आजी मरेपर्यंत सांगायची. म्हणजे सरकारदरबारी बाबा ६८ आणि आई त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी! दिवसभर हसत होती. ह्याच दोन वर्षांचा पगार जास्तीचा मिळाला म्हणून रिटायर होताना पेढे वाटलेले, तू चार खाल्लेस.

आता नवीन घ्यायची तर शुगर-बीपीला परत वेटिंग, म्हणजे तीन वर्षांपर्यंत त्यावर क्लेम नाही. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेला तेवढाच दिलासा, पण सलग १४ वर्षं भरलेलं पाण्यात. महात्मा फुले योजनेत आता पांढरं रेशनकार्डही चालतं, पण हॉस्पिटल यादीतलंच, आणि बाबांचे डॉक्टर यादीत नाहीत. डॉक्टर बदला म्हणून त्यांना सांगायला तूच ये.

बाकी तब्येती ठीक. तुझ्या बदलीचं काय झालं? चिंगीची दहावी ना यंदा?

बाबांना अजून काही बोललो नाही. कार्ड नाही मिळालं कळल्यावर म्हणाले, असू दे रे, आपली पॉलिसी आहे ना. रविवारी फोन करशील तेव्हा विषय काढू नको. आणि तो जावई मागे घेतो.

तुझा,
बंड्या