सईच्या दहावीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "पोरगी दहावीत आहे आणि तुम्ही तिला दर शनिवारी वाजवायला नेता?" आणि फोन आईच्या हातात दिला. आईने लगेच थंडीचा विषय काढला, त्यामुळे उत्तर राहून गेलं. खरं तर ते फोनवर देण्यासारखं नव्हतंच. म्हणून सावकाश लिहितोय.

बाबा, उभा जन्म दहावीच्या वर्गांवर घालवलेल्या माणसाने हा प्रश्न विचारणारच. पण इथली दहावी ती नव्हे. न्यू जर्सीत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, सलग चार वर्षं. मध्ये बोर्ड नाही, बैठक क्रमांक नाही, निकालाच्या दिवशी पेढे नाहीत. दहावी हे नुसतं दुसरं वर्ष. पण म्हणून आरामही नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक गृहपाठ, प्रयोगाचा प्रत्येक अहवाल आणि दर आठवड्याची छोटी चाचणी मार्कांत धरतात. त्यावरून प्रत्येक विषयाची श्रेणी ठरते, चारही वर्षांच्या श्रेण्यांची सरासरी ४ पैकी काढतात, आणि कॉलेजवाले ती बघतात. फेब्रुवारीत रात्री जागून, एकवीस अपेक्षित घोकून वर्ष मारून न्यायची जी कला आमच्या अख्ख्या बॅचला अवगत होती, तिचा इथे काडीचा उपयोग नाही. आणि वर्गात पहिला नंबर कोणाचा, हे तिच्या शाळेत काढतच नाहीत. तेव्हा "कितवी आली?" याला तिच्याकडे खरोखरच उत्तर नसतं. ती उडवाउडवी करत नाही.

आता वाजवण्याचं. राज्याच्या नियमाप्रमाणे हायस्कूलच्या दाखल्याला कमीत कमी १२० क्रेडिट, म्हणजे विषय पुरा केल्यावर मिळणारे गुणांक, लागतात. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान तीन, इतिहास-सामाजिक शास्त्रं तीन. शारीरिक शिक्षण दरवर्षी. आणि कलेचे ५ क्रेडिट सक्तीचे. म्हणजे बँड हा तिच्या वेळापत्रकातला तास आहे, त्याला मास्तर आहेत, श्रेणी आहे. फुटबॉलच्या मैदानावरचं संचलन आणि शनिवारच्या स्पर्धा हे त्याच्या वरचं, हौसेचं. ऑगस्टच्या उन्हात, शाळा उघडायच्या आधीच, ही पोरं डांबरी पार्किंगमध्ये क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ढोल घेऊन पावलं मोजत असतात. एकाचं पाऊल चुकलं की सगळी रांग पुन्हा मागे. आपल्या ढोल-ताशा पथकाचा सराव पाहिलाय ना, तसंच. सईला शिस्त कुठून लागली असं विचाराल तर मी तरी या बँडकडेच बोट दाखवीन.

सप्टेंबरात पालकांना शाळेत बोलावतात. हा प्रकार तुम्हाला फार आवडला असता. सभा वगैरे नाही; मुलांचं वेळापत्रक हातात देतात आणि पालकांनी त्याप्रमाणे वर्गावर्गातून फिरायचं. प्रत्येक तास दहा मिनिटांचा, मग घंटा, मग जिना शोधत पुढचा वर्ग. इथे वर्ग मुलांचा नसतो, शिक्षकांचा असतो. मुलंच दर तासाला हलतात. कोट-टाय घातलेले बाप बाकांत अडकून बसलेले आणि मी रसायनशास्त्राऐवजी स्पॅनिशच्या वर्गात.

त्या दिवशी इतिहासाच्या बाईंनी सईचा पहिला निबंध दाखवला. चार पानं, सनावळ्या सगळ्या बरोबर, आणि श्रेणी बी-मायनस. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं की माहिती भरपूर आहे, तुझं म्हणणं काय ते कळलं नाही. बाबा, तुम्ही याला साठातले पंचावन्न दिले असतेत. मला आधी राग आला. मग निबंध घरी येऊन पुन्हा वाचला, तर बाईंचं खरं होतं. आता ती जुनी पत्रं, भाषणं, त्या काळातल्या वर्तमानपत्रांतले उतारे घेऊन बसते आणि आधी एक वाक्य लिहिते: मी हे सिद्ध करणार आहे. जेवताना माझ्याशीही तशीच वाद घालते, हा एक तोटा.

सगळंच गोड आहे असं नाही. शाळेचं एक पोर्टल आहे, त्यावर मार्क रोजच्या रोज दिसतात, राहिलेला गृहपाठ लाल अक्षरांत. ऑफिसात बसून पोरीची वही तपासत राहायचं हे व्यसन वाईट. प्रियाने ते माझ्या फोनवरून काढून टाकलंय. सकाळची बस पावणेसातला, आणि तिच्या गटाची जेवणाची सुट्टी साडेदहाला! आईने विचारलं होतं ना, पोळी-भाजी नेते का? नेते, गुंडाळी करून. पण त्या वेळी भूक कोणाला लागणार, निम्मी परत येते.

आणखी एक सांगतो, आई, घाबरू नकोस. इथे कायद्याने दर महिन्याला आगीची एक आणि शाळेत कोणी हत्यार घेऊन शिरलं तर काय करायचं याची, किंवा तशाच दुसऱ्या संकटाची, एक अशा दोन रंगीत तालमी होतात. दिवे बंद, दाराला कुलूप, सगळी मुलं खिडकीपासून लांब कोपऱ्यात, फोन बंद. सई हे "आज चाचणी होती" इतक्याच सहज सांगते. मला अजून जमत नाही.

फीचं बाबांनी मागे विचारलं होतं. शून्य. शाळा सरकारी आहे, पैसा मुख्यतः गावाच्या घरपट्टीतून येतो. आमच्या पट्टीतला जवळजवळ निम्मा शाळेकडे जातो. त्यामुळे जिथे घरं महाग तिथे शाळा भक्कम, आणि पाच मैलांवरच्या गावात चित्र वेगळं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सरकारला बजावलं की गरीब शहरांतल्या मुलांमागेही श्रीमंत उपनगरांइतकाच पैसा खर्च झाला पाहिजे. त्याने बराच फरक पडला, पण दरी आहेच. तुम्ही रयतमध्ये 'कमवा आणि शिका'ची मुलं घडवलीत, तेव्हा यावर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त बोलता येईल. सईच्या वर्गातली काही पोरं संध्याकाळी किराणा दुकानात काम करतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

राहिला प्रश्न त्या एपीचा. जोशीकाकांनी सांगितलं ना, त्यांची नात सहा एपी घेतेय? एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या तोडीचा विषय. मे महिन्यात कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेची परीक्षा, गुण १ ते ५, चांगले पडले तर बऱ्याच कॉलेजांत तेवढा विषय माफ. इथल्या आपल्या लोकांत याची चढाओढ बघवत नाही. हळदीकुंकवातही तोच हिशोब चालतो. पुढच्या वर्षीचे विषय याच महिन्यात ठरतात. सईने दोन एपी निवडलेत, जीवशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास, आणि बँड ठेवलाय. सल्लागार बाई हो म्हणाल्या, आम्हीही सही केली. चार एपी घेऊन रात्री एकपर्यंत जागणारी मुलं मी शेजारीच बघतोय. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही असं दिसतंय, पण हा निर्णय झालाय.

तुमच्याकडे एक काम मात्र आहे. २०१६ पासून न्यू जर्सीत, इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा नीट येते असं परीक्षेत सिद्ध करणाऱ्या मुलांच्या दाखल्यावर राज्याची खास मोहोर उमटते. मराठीचीही परीक्षा आहे, लिहून आणि बोलून दाखवायची. रविवारच्या मराठी शाळेत ती जाते, वाचते बरं, पण लिहिताना 'मी शाळा गेली' असं काहीबाही होतं. तेव्हा आईने तिच्याशी इंग्रजी शब्द न घालता गप्पा मारायच्या. गल्लीतली भांडणंही चालतील, उलट तीच ती लक्ष देऊन ऐकेल. आणि बाबांनी, ती दर आठवड्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवेल तो तपासायचा. लाल पेनाने, पूर्वीसारखा, दयामाया न दाखवता. पहिला निबंध बँडवर लिहिलाय तिने. मुद्दाम.

रविवारी सकाळी तुमचे आठ वाजले की फोन करू. बाबा, बीपीची गोळी घेऊन बसा, आणि टक्के सोडून काहीही विचारा.

तुमचा,
अभिजित