बालविभागातल्या रात्रपाळीच्या सिस्टर आणि ब्रदर यांना

सप्रेम नमस्कार.

2009 मध्ये पुण्याला धडकी भरवणारा एच1एन1, म्हणजे स्वाइन फ्लू, आता मोसमी फ्लू म्हणून पावसाळ्यात आपल्या वॉर्डात येतो. औषध आम्ही डॉक्टर लिहितो, पण रात्रभर मुलाला जपता तुम्ही. म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी आभार श्वास मोजल्याबद्दल. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचा मोह पहाटे कुणालाही होईल. पण तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मग भरभर चालतो आणि गुणाकार फसतो. तुम्ही झबलं वर करून, बाळ रडत नसताना, पूर्ण मिनिटभर मोजता. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास 50 वर, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 वर पोहोचला, की लगेच कळवता. त्याहून मोलाचं म्हणजे, 64 चा श्वास एकदम 30 वर आला तर तुम्ही निर्धास्त होत नाही. फासळ्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का, आईच्या हाकेला मूल डोळे उघडतंय का, हे बघता. दमलेलं मूलही शांतच दिसतं. हा फरक आम्हाला तुमच्यामुळे वेळेत कळतो.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलं की आधी मुलाकडे बघता, मग ते मोजणाऱ्या क्लिपकडे. पाय गार पडलाय का, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश आहे का, ऑक्सिजनची नळी शेंबडानं तुंबलीय का, सगळं तपासता. अंगावर घ्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सलाईनचे थेंब घालून नाक मोकळं करता, म्हणून बाळ नीट ओढतं. श्वास 60 च्या वर असताना वाटी-चमच्यानं भरवायचा घरच्यांचा आग्रह तुम्ही न दुखावता थांबवता. नाहीतर दूध श्वासनलिकेत जायची भीती.

ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या गोळीचं पातळ औषध देताना बाटलीवर एका मिलीत 12 मिलिग्रॅम आहे की 6, हे तुम्ही दर वेळी वाचता. वर्षावरच्या 18 किलोच्या मुलाला 45 मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून 3.75 मिली, दुसरीतून 7.5. इथे नजर चुकली तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. बाटली हलवून, चमच्याऐवजी सिरिंजनं, थोडं खाल्ल्यावर देता, त्यामुळे उलट्या कमी होतात. तापाला पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार तास, आणि घरून आणलेली ॲस्पिरिन असलेली गोळी बाजूला. फ्लूत तिच्यामुळे मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर बेतू शकतं.

डायपर वजन करून लघवी लिहिता (एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली), सलाईनच्या जागी सूज आली का ते तासातासाला पाहता. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला तर न्यूमोनियाची शंका पहिल्यांदा तुमच्याच नोंदीत असते. पोटऱ्या दुखताहेत म्हणून चालत नसलेल्या मुलाच्या लघवीचा रंगही तुम्ही आठवणीनं लिहिता, कारण स्नायूंना इजा झाली तर लघवी गडद होते.

आमच्याकडून एवढं नक्की: ऑर्डरवर मुलाचं वजन, मिलिग्रॅम आणि मिली तिन्ही सुवाच्य असतील. आणि तुमच्या फ्लूच्या लशी मे महिन्यातच टोचून होतील, कारण लस अंगी लागायला दोन आठवडे लागतात आणि पाऊस जूनमध्ये येतो.

आपले,
बालविभागातील डॉक्टर