यंदा एप्रिलमध्ये माझे येणे होणार नाही

कोलकाता

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

एप्रिलचे तिकीट मी रद्द केले आहे. आईचा आवाज ऐकला असता तर फोनवर पुढचे बोलता आले नसते, म्हणून लिहीत आहे. १५ एप्रिलला पोयला बैशाख, म्हणजे बंगाली सन १४३३ चा पहिला दिवस आहे आणि सासऱ्यांनी दुकान सोपवल्यानंतरची पहिली हालखाता, म्हणजे नव्या वर्षाची हिशेबवही उघडण्याचा मुहूर्त, यंदा आम्हा दोघांच्या हातून व्हायची आहे. लाल कापडी बांधणीची कोरी वही आणि लक्ष्मी-गणेशाच्या मूर्ती घेऊन पहाटेच कालीघाटच्या कालीमंदिराच्या रांगेत उभे राहायचे, पहिल्या पानावर सिंदुराचे स्वस्तिक काढून घ्यायचे आणि मग आमंत्रण दिलेली गिऱ्हाइके जुनी उधारी चुकती करायला आली, की प्रत्येकाच्या हाती मिठाईचा पुडा व बंगाली कॅलेंडर द्यायचे, असा तो दिवस असतो. मी नसले तर सासरे शब्दाने बोलणार नाहीत, पण त्यांच्या मनाला लागेल.

बाबा, हे तुम्हाला पटवावे लागू नये. लक्ष्मीपूजनाला चोपडीवर ‘श्री’ काढून झाला की कुंकू वाहायला तुम्ही मलाच उचलून घ्यायचात. वहीचा मान मी तुमच्याच दुकानात शिकले.

आई, माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. सणाला लुची, छोलार डाळ, मिष्टी दोई असले, तरी एरवी सकाळी पोळीच होते आणि तुझा गोडा मसाला अजून पुरतो आहे. चैत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी, नीलषष्ठीला, इथल्या आया मुलांसाठी दिवसभर उपास करून संध्याकाळी शंकरापुढे दिवा लावतात. सासूबाई तो माझ्याही नावाने लावतात. तू मात्र हे वाचून उपास धरायचा नाहीस, गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मेमध्ये मी येतेच आहे, तिकीट काढलेले आहे. तोवर स्वयंपाकाच्या मावशी संध्याकाळीही येतील, त्यांच्याशी मी बोलले आहे. बाबांनी माळ्यावर चढायचे नाही, रक्तदाब दर रविवारी तपासून आकडा दादाला सांगायचा. पाण्याची कळशी दोघांपैकी कोणीही उचलायची नाही.

तुमची,
धाकटी