बाबा, त्या कागदावर तुमचं नाव नाही

ब्रॅम्प्टन, कॅनडा
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा व आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते, दोन जाड जॅकेटं घेतलीत, काळजी करू नका. दादाच्या मोबाइलवर हे पाठवतेय. जेवणं उरकली की त्यानं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं, आजीलाही. फोनवर सांगायचं म्हणून दोनदा ओठावर आलं आणि दोन्ही वेळा मी गिळलं. आता इथली घड्याळं मागे गेलीत, आपल्यात साडेदहा तासांचं अंतर झालंय. तुम्ही जागे असता तेव्हा मी कामावर असते, म्हणूनही लिहिणंच बरं.

सप्टेंबरात मी ‘कंपनीत लागले’ म्हणाले होते. आईनं पेढे वाटले. बाबा पारावर ‘पोरगी ऑफिसात आहे’ म्हणाले, हे मला वहिनीनं सांगितलं. बाबा, ते ऑफिस नाही, गोदाम आहे. पट्ट्यावरून पार्सलं येतात, ती मी स्कॅन करते, पिनकोडप्रमाणे वेगळी करते आणि ट्रकच्या मागच्या लांब डब्यात, म्हणजे ट्रेलरमध्ये, रचते. काम सरळ आहे, पगाराची चिठ्ठी येते, कर कापला जातो. तुम्ही विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं, पण तुम्ही चार माणसांत बोललात तेव्हा ते खोटं माझ्यामुळे झालं. त्याची मला रोज टोचणी लागते.

आता मुद्द्याचं. मामाचा मुलगा जानेवारीत येतोय, त्यानं त्याचा नोकरीचा बायोडाटा मला बघायला पाठवलाय. हुबेहूब माझ्या पहिल्या कागदासारखा. म्हणून हे नीट सांगते, दादानं त्यालाही वाचायला द्यावं.

माझा पहिला कागद चार पानांचा होता. वर पासपोर्ट फोटो, खाली तुमच्या नावासकट माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, अविवाहित, दहावी-बारावीचे टक्के, एमएस-सीआयटी, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून सही. तीन आठवडे तो मी जिकडे तिकडे पाठवला, एकही फोन आला नाही. एका दलालानं तर कामाला लावायचे दोनशे डॉलर मागितले. मी दिले नाहीत. या प्रांतात, म्हणजे ऑन्टारियोत, कामाला लावून देणाऱ्या एजन्सीला कामगाराकडून असे पैसे घेता येत नाहीत, कायदाच आहे. मामाच्या मुलाला हे पहिलं सांगा.

मग कॉलेजात ज्या खोलीत असे कागद तपासून देतात तिथे गेले. तिथल्या बाईंनी पेन्सिल घेतली आणि फोटोवर फुली मारली. मग जन्मतारखेवर, अविवाहितवर. मग, बाबा, तुमच्या नावावर. मला कसंतरीच झालं. मी विचारलं, वडिलांचं नाव का काढायचं? त्या म्हणाल्या, तू कोणाची मुलगी हे त्यांना कळायलाच नको.

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून तुम्हालाही जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे माणूस आला की आधी गाव, आडनाव, कोणाचा कोण हे विचारतात आणि मग पाणी देतात. त्यात वाईट काही नाही, ओळख लागते, जीव भांड्यात पडतो. इथे उलटं. ऑन्टारियोच्या मानवी हक्कांच्या कायद्यानं वय, धर्म, वंश, लग्न झालंय की नाही यावरून कामावर घेताना भेदभाव करता येत नाही. मग ती माहिती कागदावर असली की त्यांनाच अडचण होते. उद्या कोणी म्हणेल, फोटो बघून नाकारलंत. म्हणून फोटो नको, पासपोर्ट नंबर नको, आईवडील नकोत. नाव, फोन, ईमेल, गाव एवढंच. काम करायला सरकारकडून एक नऊ आकडी नंबर मिळतो, सिन म्हणतात, तोसुद्धा नोकरी पक्की झाल्यावरच द्यायचा, कागदावर कधीच नाही. यात तुमचा अपमान नाही, बाबा. मीही आधी तसंच समजले होते.

चार पानं अशी एकावर आली. वर मोकळी जागा राहिली तेव्हा बाईंनी विचारलं, तू आजवर उचललेली सगळ्यांत जड वस्तू कोणती?

मी मान खाली घालून म्हणाले, द्राक्षाचं क्रेट.

तुम्ही नेहमी म्हणायचा, तुला शिकवलं ते क्रेट उचलायला नाही. म्हणून पिंपळगावच्या पॅकहाऊसमधले ते दोन हंगाम मी कुठे लिहिलेच नव्हते. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. दिवसाला किती बॉक्स? किती वजनाचे? लेबल कोण लावायचं? चूक झाली तर काय व्हायचं? मी सांगत गेले आणि कागदावर हे उतरलं: ‘द्राक्ष निर्यात पॅकहाऊस, नाशिक जिल्हा, २०२१ व २०२२. पाच किलोचे ४०० ते ५०० बॉक्स रोज तपासले, लेबल लावले, पॅलेटवर रचले. चुकीच्या लेबलचे बॉक्स बाजूला काढले. कंटेनर ठरल्या वेळेत भरला.’ ‘माझ्याकडे अमुक जबाबदारी होती’ असं कुठेच लिहायचं नाही. तपासले, लावले, रचले, भरला. हातानं काय केलं तेच आणि आकड्यासकट.

त्याच्या वर तीन ओळी. ५० पौंडांपर्यंत वजन उचलू शकते. कामाची पूर्ण पाळी उभी राहू शकते. संध्याकाळ, रात्र, शनिवार-रविवार कधीही येऊ शकते. गोदामवाले ही शेवटची ओळ सर्वांत आधी बघतात. थंडी सेल्सियसमध्ये आणि रस्ता किलोमीटरमध्ये सांगणारे हे लोक पार्सल मात्र पौंडात तोलतात. ५० पौंड म्हणजे साडेबावीस किलोच्या जरा वर, आपल्या भरल्या क्रेटच्या आसपास. जाहिरातीत ‘स्कॅनर’, ‘सॉर्टिंग’ असे जे शब्द असतील तेच आपल्या कागदात यायला हवेत, कारण कित्येक ठिकाणी कागद आधी कॉम्प्युटर चाळतो. पण जे केलं असेल तेच लिहायचं. इथे माझ्यासोबत राहणाऱ्या एका मुलीनं मला इथल्या दुकानाचा खोटा अनुभव टाकायला सांगितलं होतं. मी नाही टाकला. फोन करून विचारतात, आणि पहिल्या तासाला हात बोलतातच. बी.कॉम. तळाशी एका ओळीत ठेवलं, लपवलं नाही.

सहा दिवसांत फोन आला.

आई, तुला एक गोष्ट सांगायची राहिलीये. ट्रेलरमध्ये पार्सलांची जमिनीपासून छतापर्यंत भिंत रचतात. जड खाली, हलकं वर, लेबल आपल्याकडे, आणि विटांसारखी एकाची जोड दुसऱ्यानं झाकायची. पहिल्या रात्री मी माझी भिंत रचली, सुपरवायझरनं हातानं ढकलून बघितली, हलली नाही. म्हणाला, कुठे शिकलीस? मी म्हणाले, आईकडे. तू प्रत्येक पॅलेटला ओरडायचीस ना, ‘जोड मोडून रच, नाहीतर कसाऱ्याच्या घाटात सगळं खाली येईल.’ इथे घाट नाही. तरी प्रत्येक भिंतीला मला तुझा आवाज येतो.

पाठीचं विचारलंत. गुडघ्यात वाकून उचलते, दुखत नाही. पाळी अकराला सुटते, आम्ही चौघी एकत्र बसनं येतो. कॉलेज चालू असताना आठवड्याला २४ तासांच्या वर काम करता येत नाही, मी करतही नाही. रोख पैशांवर जास्तीचे तास देणारे भेटतात, मी त्यांच्या वाटेला जात नाही. मला परत पाठवलं तर तुमचं कर्ज कोण फेडणार?

तासाला १७ डॉलर ६० सेंट मिळतात, म्हणजे आठवड्याला सव्वाचारशेच्या आत, तेही कर कापायच्या आधी. आई, रुपयांत गुणू नकोस, भाडंही डॉलरमध्येच जातं. दिवाळीला काही पाठवता आलं नाही. फराळाचं ताट तू व्हिडिओवर दाखवलंस तेव्हा मी नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं, आता स्थळं सुरू होणार, मला माहीत आहे. ओझरच्या पाहुण्यांना माझा बायोडाटा द्यायचा तर द्या, मी नाही म्हणत नाही. त्यात बाबांचं नाव, आजोबांचं नाव, मामाचं कूळ सगळं लिहा. फक्त नोकरीच्या रकान्यात ऑफिस लिहू नका. गोदामात पार्सल भरते, असं लिहा. पाहुण्यांनी नाक मुरडलं तर ते आत्ताच कळलेलं बरं. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कोर्स संपेपर्यंत तारखेचं बोलू नका, एवढं ऐका.

दादा, १५ तारखेला वीस हजार येतील. आईच्या पाटल्या सोडवायला म्हणून मी ते बाजूला काढलेत. पण द्राक्षाचे घड जिरलेत, डावणी रोग आलाय, बाबा फवारणीला मागतील हेही मला कळतं. मी इथून सांगणार नाही. आईला विचार आणि ती म्हणेल तसं कर.

तुमची लेक

ता. क. मामाच्या मुलाला सांगा, कागद ए-फोरवर नाही, लेटर साइझवर बनव. पोलादी टोपीचे बूट तिकडून आणू नको, इथे हिरव्या त्रिकोणाचं चिन्ह असलेलेच चालतात. आणि त्यानं त्याच्या कागदातून चुलत्याच्या किराणा दुकानातली तीन वर्षं गाळलीत, ती आधी लिही म्हणावं.