पत्त्यातले गाव आतल्या नकाशापर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात पंचगंगा चढू लागली की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले, हाच प्रश्न कोल्हापुरात घरोघरी असतो. ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री प्रयाग चिखलीला राहणाऱ्या माझ्या मामांना मी एका वेबसाइटवरील पूरनकाशाची लिंक पाठवली. गावांच्या यादीतून चिखली निवडताच पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह व त्यापुढे गावाचे नाव आले होते, त्यामुळे लिंक उघडल्यावर मामांना थेट त्यांचे गाव दिसेल, अशी माझी समजूत झाली. त्यांच्या मोबाईलवर मात्र अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा उघडला आणि वीज गेलेली, बॅटरी संपत आलेली असताना तो बोटांनी मोठा करत गाव शोधण्याची वेळ त्यांच्यावर आली.

मी वेबसाइट तयार करण्याचेच काम करतो, म्हणून कारण ध्यानात आले. हा नकाशा म्हणजे बाहेरच्या पानात आयफ्रेमच्या चौकटीत बसवलेले स्वतंत्र ॲप आहे. लिंकमधले पॅरामीटर, म्हणजे प्रश्नचिन्हापुढचा मजकूर, बाहेरच्या पानाला मिळतात, ते आपोआप चौकटीत उतरत नाहीत. आणि दोघांचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचे मूळ नाव, वेगळे असेल तर आतल्या ॲपला बाहेरचा पूर्ण पत्ता ब्राउझर वाचूच देत नाही, जे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. तेव्हा बाहेरच्या पानानेच सुरू होताना स्वतःचा पत्ता वाचावा, त्यातले गाव वेगळे काढून चौकटीच्या पत्त्याला जोडावे आणि मगच चौकट उघडावी. चौकट आधी उघडून गाव मागाहून कळवले, तर जिल्ह्याचा नकाशा विनाकारण उतरवला जातो, शिवाय ॲप ऐकायला तयार होण्याआधी पाठवलेला निरोप वाया जातो. हे काम काही ओळींचे आहे.

गावाचे नाव पाठवण्यापेक्षा जनगणनेतला संकेतांक पाठवणे मला अधिक चांगले वाटते. चिखली कागल तालुक्यातही आहे. शिवाय देवनागरी अक्षरे पत्त्यात टक्के-चिन्हांच्या रूपात लिहावी लागतात, आणि ‘कोल्हापूर’ एवढा एकच शब्द तिथे ८१ चिन्हांचा होतो. बाहेरच्या पानाने हे रूपांतर चुकून दोनदा केले, तर आतल्या ॲपला गाव ओळखता येत नाही.

पत्ता कोणीही बदलू शकतो, म्हणून आलेला संकेतांक आपल्या यादीत असेल तरच ॲपने तो स्वीकारावा. नागरिकांचा मोबाईल क्रमांक किंवा आधार क्रमांक मात्र अशा रीतीने कधीही पाठवू नये, कारण पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींत राहतो, आणि लिंक पुढे पाठवली की तो क्रमांकही सोबत जातो.

जिल्ह्यातील ज्या कार्यालयांनी व संस्थांनी आपल्या पानांवर असे नकाशे बसवले आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी त्यांनी प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा पूरग्रस्त गावांच्या लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवर पाठवून, तिथे पहिल्याच क्षणी कोणते गाव उघडते, हे स्वतः पाहावे.

आपला नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर