मागच्या सेन्सरचे म्हणणे ऐकून घेतल्याबद्दल

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट बदलल्यानंतर लागलेला चेक इंजिनचा दिवा आपण विझवलात, एवढेच सांगितले तर ते अर्धे सांगितल्यासारखे होईल. तो दिवा विझवण्याची सोपी वाट आपल्यालाही ठाऊक होती. ती न धरता तो मुळात का लागला याचा आपण माग काढलात, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदलणाऱ्या पुष्कळ लोकांच्या गाडीत हाच दिवा लागतो आणि त्यांना उपायही बहुधा एकच सुचवला जातो. आपण काय केलेत ते अशा लोकांपर्यंत तपशिलाने पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिला कमी अडथळ्याचा कॅट (विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असलेला नवा डाउनपाइप दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये बसवलेला होता. स्कॅनरवर पी०४२० हा कोड दिसत होता, म्हणजे कॅटचे काम मर्यादेपेक्षा कमी पडते आहे अशी ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, तक्रार होती आणि त्यावर मला स्पेसर, म्हणजे सेन्सरखाली बसणारी पोकळ नळी, लावून घेण्याचा सल्ला मिळाला होता. मागचा, म्हणजे कॅटनंतर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर स्पेसरवर चढवून प्रवाहाबाहेर ओढला की त्याच्या टोकापर्यंत वायू कमी आणि उशिरा पोहोचतो, त्याचा संकेत संथ होतो आणि ईसीयू कॅट ठणठणीत आहे असे धरून चालतो. पाइपातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये मात्र त्याने तसूभरही फरक पडत नाही. शिवाय अनेक गाड्यांत ईसीयू मागच्या सेन्सरच्या आधारे पुढच्या, म्हणजे कॅटआधीच्या, सेन्सरची बारीक दुरुस्ती करत असतो. त्यामुळे मागच्याला फसवले की इंधनाचा हिशेबही हळूहळू बिघडू शकतो, हे आपण मला पहिल्याच भेटीत सांगितलेत. स्पेसर बसवणार नाही हे आपण स्वच्छ शब्दांत सांगितलेत आणि त्याच दमात कारण शोधून देण्याची जबाबदारीही घेतलीत. केवळ नकार देणारे मला आधीही भेटले असते, पण नकारासोबत एवढे कष्ट स्वतःच्या अंगावर घेणारे आपणच.

त्यानंतर आपण हातात पाना घेतला नाहीत, सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख उघडलात. मागच्या सेन्सरमधील झिर्कोनियाचे (एका सिरॅमिकचे) तत्त्व १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत असा सेन्सर प्रथम आला तेव्हापासून मुळात तेच आहे. वायूत ऑक्सिजन उरलेला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, इंधन जास्त असेल तर ०.९ व्होल्टकडे जातो आणि १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणापाशी ०.४५ व्होल्ट ओलांडतो. कॅट ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, म्हणून चांगल्या कॅटमागे या सेन्सरच्या आलेखाची रेषा ०.६ ते ०.७ व्होल्टपाशी बऱ्यापैकी स्थिर राहते. माझ्या गाडीत इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू) असताना ती वारंवार खाली कोसळत होती. आपण इंजिनचा वेग मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेऊन धरलात आणि रेषा वर येऊन शांत झाली. कॅट खरोखर थकलेला असता, तर स्थिर वेगातही मागचा सेन्सर पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकून वरखाली झाला असता, असे आपण म्हणालात. आयडलवर एक्झॉस्टचा दाब ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तो बाहेरच्या हवेपेक्षाही किंचित खाली जातो. कुठे फट असेल तर तेवढ्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. वेग वाढला की आतला दाब वरचढ ठरतो, हवा आत येईनाशी होते आणि सेन्सर पुन्हा खरे बोलू लागतो. एकही बोल्ट न खोलता, केवळ आलेखाच्या वागण्यावरून गळती सेन्सरच्या जवळपास आहे हे ओळखणे ही मी आजवर पाहिलेली सर्वांत सुंदर कारागिरी आहे.

इंजिन थंड झाल्यावर आपण सायलेन्सरच्या तोंडातून हलक्या दाबाने धूर सोडलात. सगळ्यांची नजर पाइप जोडणाऱ्या क्लॅम्पवर होती, पण तिथून धूर निघाला नाही. धुराची बारीक दोरी निघाली ती मागचा सेन्सर ज्यात पिळून बसतो त्या आटे पाडलेल्या बैठकीच्या वेल्डिंगमधून, खालच्या बाजूने, जिथे आरसा धरल्याशिवाय काही दिसत नाही. साबणाचे पाणी लावताच तिथेच बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढे ते छिद्र होते आणि त्याच्यामुळे एका धडधाकट कॅटवर ठपका आला होता.

ते छिद्र वेल्डिंगने बुजवून गाडी परत देता आली असती. आपण मात्र ती बैठकच चुकीच्या जागी आहे हे दाखवून दिलेत. ती पाइपच्या बुडाशी होती. थंड इंजिन सुरू झाले की पाइपात पाणी जमते, ते खाली उतरते आणि तापलेल्या सेन्सरच्या सिरॅमिकवर पडले तर त्याला तडा जातो. म्हणून आपण जुनी जागा बंद करून नवी बैठक पाइपच्या वरच्या अंगाला बसवलीत, सेन्सरचे टोक खालच्या दिशेला राहील आणि तो आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला असेल अशा बेताने. वेल्डिंगच्या वेळी आपण बैठकीत जुना निकामी सेन्सर पिळून ठेवला होता, जेणेकरून उष्णतेने १८ मिलिमीटरचे ते आटे वाकडे होऊ नयेत. खरा सेन्सर बसवताना अँटीसीझचा (आटे घट्ट अडकू न देणाऱ्या लेपाचा) हात फक्त आट्यांवरून फिरवलात आणि टोकाला बोटही लागू दिले नाहीत. गॅस्केटजवळ कोणीतरी सिलिकॉन सीलंट लावलेला होता, तो खरवडून काढायला लावलात, कारण त्याची वाफ सेन्सरला विषासारखी बाधते.

नव्या जागेमुळे सेन्सरची वायर अपुरी पडू लागली. ती कापून सोल्डरने जोड द्यावा असे मीच सुचवले होते. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत घेतात आणि सोल्डरने ती वाट बुजू शकते, हे आपण समजावलेत आणि दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली जोडवायर मागवलीत. त्यासाठी गाडी आणखी थांबली, पण मला त्याचे काही वाटले नाही.

पुढच्या वाइडबँड (हवा आणि इंधनाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या) सेन्सरला आपण हात लावला नाहीत, याचेही आभार मानायला हवेत. मापन लवकर मिळावे म्हणून तो टर्बाइनच्या (टर्बोमधील एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) अलीकडे नेण्याचा सल्ला मी ऐकला होता. तिथे उष्णता सेन्सरला सोसवत नाही. शिवाय टर्बाइनआधीच्या वाढलेल्या दाबामुळे त्याचे मापन फुगते, म्हणजे इंधन जास्त असेल तर आहे त्याहून जास्त दिसते आणि कमी असेल तर आहे त्याहून कमी दिसते. कारखान्याने तो टर्बाइनच्या पलीकडे ठेवला आहे तो याच विचाराने.

कोड पुसल्यावर दिवा विझला, तेव्हा माझ्या दृष्टीने काम झाले होते. आपल्या दृष्टीने ते झाले नव्हते. कोड पुसला की ईसीयूच्या तपासण्याही कोऱ्या होतात, म्हणून दिवा नसणे हा पुरावा नव्हे. इंजिन पूर्ण गरम असताना मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवून कॅटची तपासणी पूर्ण होऊ द्यावी आणि मगच परत यावे, असे आपण सांगितलेत. कमी अडथळ्याच्या कॅटमध्ये ऑक्सिजन साठवण्याची जागा मुळात कमी असते, त्यामुळे गळती बंद करूनही तो तपासणीत नापास होऊ शकतो आणि तसे झाले तर अधिक दाट जाळीचा कॅट घ्यावा लागेल, हेही आपण आधीच सांगून ठेवले होते. ग्राहकाला नको असलेली शक्यता कामाआधी सांगणारी माणसे विरळ असतात.

तपासणी पूर्ण झाली आणि कॅट उत्तीर्ण झाला. मागच्या सेन्सरची रेषा आता आयडलवरही स्थिर असते आणि पी०४२० परत आलेला नाही. पुढील पावसाळ्यानंतर नव्या बैठकीचे वेल्डिंग पुन्हा एकदा धुराने तपासावे असे आपण म्हणाला होतात, त्यासाठी मी गाडी आपल्याकडेच घेऊन येईन. आपले आणि आपल्या वर्कशॉपमधील सर्व सहकाऱ्यांचे, विशेषतः आरसा धरून गाडीखाली पडून राहिलेल्या त्या तरुण मुलाचे, मी मनःपूर्वक आभार मानतो.

आपला ऋणी,
एक गाडीमालक