फोन घरात आहे म्हणजे तो बाईकडे आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बायका आणि पुरुष इंटरनेट कसं वेगवेगळं वापरतात यावरचा लेख वाचला. त्यात थोडक्यात असं होतं की पुरुष बातम्या, शेअर बाजार, नोकरीच्या जाहिराती बघतात आणि बायकांचा डेटा सिरियल, रेसिपी, भजनं नि रील्समध्ये संपतो, म्हणजे ज्याची त्याची आवड. मी तालुक्याच्या गावात सेवा केंद्र चालवते, दाखले, फॉर्म, झेरॉक्स, रिचार्ज सगळं असतं, दिवसभर समोर माणसं आणि त्यांचे फोन, आणि जे मला रोज दिसतं ते या लेखात कुठेच नाही म्हणून लिहायला बसले. आवडीनिवडीचं नंतर बघू हो, आधी फोन कुणाचा आहे ते तरी विचारा.

आमच्याकडे बहुतेक घरात एकच चांगला फोन असतो आणि तो मालकांकडे नाहीतर कॉलेजच्या पोराकडे. बाईकडे बटणाचा असतो, किंवा पोराने नवीन घेतला की त्याचा जुना तिला मिळतो, काच फुटलेला, स्टोरेज फुल, चार्जर काढला की बंद पडणारा. रिचार्ज संपलं तर आधी त्यांचं मारायचं, हिचं बघू पुढच्या आठवड्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ साली विचारलं होतं की आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलंय का, तर आपल्या महाराष्ट्रात पुरुष साधारण ६१ टक्के हो म्हणाले आणि बायका ३८ टक्के. शेजारच्या गोव्यात बायका ७० च्या वर आहेत, म्हणजे बाईच्या जातीला जमत नाही असं काही नाही ना. त्यानंतर नेट स्वस्त झालं, फोन वाढले, मान्य आहे. पण २०२३ च्या असर अहवालात, म्हणजे खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करतात त्यात, १४ ते १८ वयाच्या खेड्यातल्या पोरापोरींना विचारलं तर दहातल्या नऊ जणांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे जवळपास ४४ टक्के आणि मुली २० टक्केच. घर तेच, आईबाप तेच, आणि फोन पोराला. पोरीला कशाला हवा, बिघडेल ना ती.

हे सगळं कसं अंगावर येतं ते लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाईन ओळख पटवताना, बघितलं. १८ सप्टेंबर २०२५ ला आदेश निघाला, दोन महिन्यांची मुदत, मग ती वाढवून ३१ डिसेंबर केली. त्यात बाईच्या आधारला लागलेल्या नंबरवर ओटीपी, आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारच्या नंबरवर दुसरा ओटीपी. आता बघा, बाई शेतातला खाडा करून आलेली, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार कार्ड, आणि तिच्या स्वतःच्या आधारला नंबर कुणाचा लागलाय तर दिराचा, कारण कार्ड काढलं तेव्हा घरात तो एकच फोन होता. दीर आता पुण्यात. मग माझ्या फोनवरून त्याला फोन लावायचा, भावजी ओटीपी आलाय तेवढा सांगा ना, तो म्हणणार कामावर आहे, संध्याकाळी बघतो, आणि ओटीपी दहा मिनिटांत संपतो. तो मिळाला तर नवऱ्याचा, नवरा ट्रकवर, रेंज नाही. ती बाई बाकड्यावर बसून राहते आणि मला म्हणते, ताई माझेच पैसे आणि सगळ्यांच्या पाया पडायला लागतंय. ज्यांचे मालक वारलेत त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा? त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला अंगणवाडी ताईंकडे द्यायची सोय नंतर झाली, पण तोपर्यंत किती जणी केंद्रावरून तशाच परत गेल्या ते माझ्या डोळ्यासमोर आहे. आणि पुढे ते हो-नाहीचे प्रश्न, घरात कोणी सरकारी नोकरीत नाही, याला हो म्हणायचं की नाही म्हणायचं हे शिकलेल्यांनासुद्धा दोनदा वाचावं लागायचं.

ही बाई इंटरनेट वापरते असं तुम्ही धरणार की नाही? फॉर्म तिच्या नावाचा आहे, पैसे तिच्या खात्यात येतात, आणि स्क्रीनला तिने बोटसुद्धा लावलेलं नाही.

आता त्या रेसिपी आणि भजनांकडे येते, कारण लेखातलं ते वाक्य मला जास्त लागलं. फोन नवऱ्याचा असेल ना तर त्यावर काय बघितलं हे लपत नाही. माझ्याकडे बायका येतात, दुकानात गडी माणूस नाही असं बघून हळूच म्हणतात, ताई तीन महिने झाले पाळी आली नाही, गर्भाशयाला गाठ असली की काय होतं ते जरा बघ ना गुगलवर. मी विचारते अहो घरी फोन आहे ना, माईकचं बटण दाबून मराठीत बोललं तरी सापडतं. तर म्हणतात, नको, एकदा बघितलं की त्यांच्या फोनवर तेच तेच व्हिडिओ यायला लागतात, मग ते विचारतात हे कुणी लावलं होतं. एकदम खरं आहे हे, यूट्यूब तसंच चालतं, जे बघाल त्याच्यासारखंच पुढे आणून टाकतं. हिस्टरी पुसता येते हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि पुसली तर का पुसली म्हणून वेगळा संशय. त्याच फोनवर ढोकळा कसा करायचा, हरिपाठ, ब्लाउजची डिझाईन बघितली तर कुणी काही विचारत नाही. मग सर्वे करणारा येतो आणि लिहून नेतो की बायकांना रेसिपी आवडतात. आवडतातही, का नाही आवडणार, दिवसभर राबल्यावर अर्धा तास करमणूक केली तर बिघडलं काय, पण जे बघायचं होतं आणि बघता आलं नाही ते कुठल्याच आकड्यात येत नाही. घटस्फोटाचा कायदा, जमिनीत मुलीचा वाटा किती, नवरा मारतो तर कुठे फोन करायचा, या गोष्टी ती नवऱ्याच्याच फोनवर शोधेल का? पुढच्या वेळी लेख लिहिणाऱ्यांनी एवढा विचार करावा ही कळकळीची विनंती.

फेसबुकचं पण तेच. तरण्या पोरांचे डीपी बघा, गॉगल, बुलेट, वाढदिवसाचे बॅनर, आणि त्यांच्याच बहिणींचा डीपी गुलाबाचं फूल नाहीतर स्वामी समर्थ. स्वतःचा फोटो लावला की अनोळखी माणसांचे मेसेज सुरू, हाय डिअर, नंबर दे. भारतातल्या बायका प्रोफाईलला फोटो लावायला घाबरतात म्हणून फेसबुकने २०१७ साली फोटोला संरक्षण द्यायची सोय पहिल्यांदा इथेच आणली, आणि २०२० मध्ये अख्खं प्रोफाईल लॉक करायची. तरी २०२२ ला रॉयटर्सची बातमी आली की कंपनीच्याच आकडेवारीत भारतातल्या फेसबुक वापरणाऱ्यांपैकी ७५ टक्के पुरुष आहेत आणि बायका सुरक्षितता वाटत नाही म्हणून लांब राहतात. आता याला पण आवड म्हणायचं का?

आणि पुरुष सगळे माहितीच मिळवत असतात असंही समजू नका. ऑनलाईन रमीत पगार घालवून माझ्याकडे लोन ॲपचे मेसेज दाखवायला आलेले घरचे कर्ते पुरुष मी बघितलेत, ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा त्यांच्या बायकांना जास्त बरं वाटलं.

बायकांना टेक्नॉलॉजीची भीती वाटते हे तर मला अजिबात पटत नाही. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले ते घाबरून नव्हे, फोन हलक्या दर्जाचे होते, सारखे हँग व्हायचे आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायला लागायची म्हणून. काम करायला धड साधन द्या, मराठीत द्या एवढंच मागत होत्या. कुठली वस्तू चालते आणि कुठली नाही हे ज्यांना इतकं नेमकं सांगता येतं त्यांना काय कळत नाही म्हणायचं? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी घ्या, सत्तरीत यूट्यूबवर आल्या, लाखो लोक त्यांच्या हातच्या भाज्या बघतात. नातवाने फोन धरला, शिकवलं, पाठीशी राहिला. आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायका शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतात, लिहिता येत नाही ती व्हॉइस मेसेज पाठवते, पत्ता चुकत नाही की हिशोब चुकत नाही. पण हेही तेव्हापासूनच जमलं जेव्हा गटाच्या पैशातून गटासाठी एक फोन घेतला, जो कुणाच्या नवऱ्याचा नाही.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, की यापुढे असा सर्वे छापताना तीन गोष्टी विचारलेल्या आहेत का ते बघा, सिम कुणाच्या नावावर आहे, फोन दिवसातून किती वेळ तिच्या हातात असतो आणि लॉक कुणाला माहिती आहे. सरकारनेही बाईच्या योजनेला बाईचाच ओटीपी धरावा. आणि जमलं तर एक छोटी चौकट छापा. आधारला दुसऱ्याचा नंबर लागलेला असेल तर बदलायला तो जुना नंबर किंवा त्याचा ओटीपी लागत नाही, त्या माणसाला विचारायलाही लागत नाही, बाईने स्वतः आधार केंद्रावर जाऊन बोटाचा ठसा दिला की नवीन नंबर लावून मिळतो, कागदपत्र लागत नाही, फी भरून पावती घ्यायची. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी अजून दिराच्या नंबरावर अडकून बसल्यात.

आपली नम्र,
सेवा केंद्र चालवणारी एक वाचक
ता. बार्शी, जि. सोलापूर